परवलीचा शब्द : विश्वासाकडून संशयाकडे

'पासवर्ड' या शब्दाला मराठीत 'परवलीचा शब्द' असा प्रतिशब्द आहे, आणि तो संगणकाहून पुष्कळ जुना आहे. तो मूळचा छावणीतला, रात्रीच्या पहाऱ्यावरचा शब्द होय. अंधारातून येणाऱ्याने तो उच्चारावा आणि पहारेकऱ्याने त्याला आत घ्यावे, असा त्याचा व्यवहार. संगणकाच्या पडद्यावर हा शब्द अवतरला तेव्हा त्याच्यासोबत आत आणि बाहेर, आपला आणि परका, राखणदार आणि घुसखोर ही सारी छावणीची कल्पनाही आली. एक फरक मात्र फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. छावणीतला शब्द सर्वांचा सामायिक असे. संगणकाचा शब्द ज्याचा त्याचा एकट्याचा असतो, आणि तो शेजारच्या सहकाऱ्यालाही सांगायचा नसतो.

या एका फरकातून गेल्या साठ-पासष्ट वर्षांत नोकरीच्या जागी माणसे एकमेकांशी कशी वागतात, कोणावर किती विश्वास टाकतात आणि काही बिघडले की बोट कोणाकडे दाखवतात, यात खोल बदल झाले. या काळात कुलूप अनेकदा उघडले गेले. पुष्कळ वेळा चूक शब्दांची वही सांभाळणाऱ्या संस्थेची होती. दोष मात्र शब्द लक्षात ठेवणाऱ्या माणसाच्या पदरी पडला. हे कसे घडत गेले, याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

१

आरंभ प्राचीन रोमपासून करणे सोयीचे होईल. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने आपल्या इतिहासाच्या सहाव्या खंडात रोमन छावणीची व्यवस्था वर्णिली आहे. सूर्यास्ताच्या वेळी छावणीच्या दूरच्या टोकाच्या तुकडीतील एक नेमलेला सैनिक सेनाधिकाऱ्याच्या तंबूत जाई आणि त्या रात्रीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी घेऊन येई. ती पाटी साक्षीदारांसमक्ष पुढच्या तुकडीच्या नायकाकडे, त्याच्याकडून त्यापुढच्याकडे, अशी हातोहात फिरे आणि अंधार पडण्यापूर्वी पुन्हा तंबूत पोचे. सर्व पाट्या परतल्या की शब्द सर्वांपर्यंत गेला असे समजावे. एखादी परतली नाही तर ती कोणत्या बाजूला अडली हे खुणांवरून कळे, तत्काळ चौकशी होई आणि जबाबदार माणसाला शिक्षा होई.

या व्यवस्थेत सैनिकाकडून स्मरणशक्तीची कसरत अपेक्षित नव्हती. शब्द एका रात्रीपुरता होता. प्रश्न विचारला जाई तो पाटी कोणाच्या हाती असताना अडली, असा. म्हणजे जबाबदारी सांभाळण्याच्या साखळीची होती.

दुसरे उदाहरण बायबलच्या जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातले आहे. यार्देन नदीच्या उताऱ्यावर गिलादी सैनिक पळून येणाऱ्यांना 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणावयास लावीत. एफ्राइमी माणसाच्या तोंडून 'सिब्बोलेथ' असा उच्चार निघे आणि तेथेच त्याचा वध होई. तेथे शब्द गुप्त नव्हता. तो सर्वांना ठाऊक होता, पण परक्याची जीभ त्याला फितूर होत असे. माणसाला त्याच्या ज्ञानावरून ओळखणे आणि त्याच्या देहावरून ओळखणे, हे दोन मार्ग इतके जुने आहेत. संगणकाच्या इतिहासात प्रथम पहिला मार्ग आला. दुसऱ्याकडे आपण अलीकडे वळलो आहोत.

२

संगणकावर परवलीचा शब्द प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत. तोवर संगणक एका वेळी एकाचेच काम करी. संशोधकाने छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यावा आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबावे, अशी रीत होती. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक नवी प्रणाली दाखवली. तिचे नाव 'कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम', संक्षेपाने सीटीएसएस. एकच यंत्र आपला वेळ अनेकांत इतक्या झपाट्याने वाटून देई की प्रत्येकाला ते आपलेच वाटे. आता एका यंत्रात अनेकांच्या फायली आल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक वेळ आला. मग ही फाईल कोणाची आणि हा वेळ कोणाच्या खाती लिहायचा, हे ठरवण्यासाठी प्रत्येकाला एक शब्द देण्यात आला. शत्रूची भीती हे त्यामागचे कारण नव्हते. वाटणी आणि हिशेब यांची ती सोय होती.

ही सोय फोडली गेली तीही हिशेबासाठीच. १९६२ च्या वसंतात ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत आणि ते त्याच्या प्रबंधाच्या कामाला पुरत नसत. कार्डावर फाईलचे नाव लिहून दिले की ती छापून मिळते, हे त्याला ठाऊक होते. एका शुक्रवारी रात्री त्याने परवलीच्या शब्दांच्या फाईलचेच नाव लिहून दिले आणि शनिवारी सकाळी सर्वांचे शब्द छापील स्वरूपात त्याच्या हाती आले. पुढे कित्येक वर्षांनी स्वतः शेर यांनीच हा प्रकार उघड केला. अपराध वाटून घ्यावा म्हणून त्यांनी ती यादी इतरांनाही दिली होती, आणि त्यांपैकी जे. सी. आर. लिक्लायडर यांनी संचालकांच्या खात्यात शिरून त्यांना चिडवणारे निरोप ठेवले होते, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. हेच लिक्लायडर पुढे संगणकांच्या जाळ्याचे एक आद्य प्रणेते ठरले.

त्याच दशकात त्याच प्रणालीवर आणखी एक घटना घडली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली सुधारत होते. एकीत रोज सर्वांना दिसणारी सूचना होती आणि दुसरीत सर्वांचे परवलीचे शब्द होते. संपादनाच्या कार्यक्रमातील एका गफलतीमुळे त्या दोहोंची अदलाबदल झाली, आणि जो कोणी आत शिरे त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांच्या शब्दांची यादी येऊ लागली. कॉर्बाटो यांना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यानिमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग स्वतःच सांगितला. मोठ्या प्रणाली कशा अपयशी ठरतात हाच त्या व्याख्यानाचा विषय होता.

या दोन्ही प्रसंगांत कोणाचाही शब्द सोपा होता किंवा कोणी तो कागदावर लिहून ठेवला होता, म्हणून काही बिघडले नाही. बिघडले ते एवढ्यामुळे की संस्थेने सर्वांचे शब्द एकाच फाईलमध्ये, जसेच्या तसे, उघडे ठेवले होते. पुढील सर्व इतिहासाचे बीज येथे आहे.

३

यावर एमआयटीच्याच आवारात एक मूलगामी उत्तर पुढे आले. ते म्हणजे परवलीचा शब्दच नको. तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत दारे आणि फायली उघड्या ठेवण्याची संस्कृती होती. १९७७ मध्ये संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेने परवलीचे शब्द लागू केले तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी ते उकलले आणि प्रत्येकाला त्याचा शब्द कळवून सुचवले की, त्याऐवजी रिकामी जागाच शब्द म्हणून ठेवावी. सुमारे एक-पंचमांश लोकांनी ते मानले, असे सांगतात. आज हा प्रकार पोरकट वाटेल. पण त्यामागे एक नैतिक भूमिका होती. सहकारी हा संशयित नव्हे, आणि संशयावर उभारलेली व्यवस्था माणसांना संशयी बनवते, अशी ती भूमिका. तिच्या मर्यादा उघड आहेत. एकमेकांना ओळखणाऱ्या पाच-पन्नास जणांत ती टिकते, अनोळखी हजारांत टिकत नाही.

दुसरे उत्तर बेल प्रयोगशाळेतून आले. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये युनिक्स या प्रणालीच्या अनुभवावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक सुंदर कल्पना मांडली आहे. संस्थेने शब्द साठवूच नये. शब्दावर एक गणिती प्रक्रिया करावी, जी पुढे नेता येते पण उलट फिरवता येत नाही, आणि तिचे फलित तेवढे साठवावे. माणूस आत येताना शब्द देतो, त्यावर तीच प्रक्रिया होते, फलित जुळले की दार उघडते. फलितांची वही चोरीला गेली तरी त्यातून मूळ शब्द थेट वाचता येत नाहीत. शिवाय प्रत्येक शब्दात प्रक्रियेपूर्वी काही यादृच्छिक अंश मिसळावा, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी फलिते निराळी दिसतील. या मिसळण्याला त्यांनी 'मीठ' म्हटले आणि तंत्रज्ञांच्या भाषेत तेच नाव रूढ झाले. दार राखणाऱ्याला शब्द ठाऊकच नाही, तरीही खरा-खोटा माणूस त्याला ओळखता येतो. विश्वासाच्या इतिहासात ही कल्पना नवी होती.

त्याच निबंधात लोक शब्द कसे निवडतात याची पाहणी आहे. गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकी सुमारे ८६ टक्के फार आखूड तरी होते, किंवा शब्दकोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडणारे तरी होते. लेखकांनी यावर जे उपाय योजले ते बहुतांशी यंत्राच्या बाजूचे होते. प्रक्रिया मुद्दाम संथ करावी, मीठ मिसळावे, फार सोपा शब्द दिला तर कार्यक्रमाने अधिक चांगला सुचवण्याचा आग्रह धरावा. माणसाची सवय गृहीत धरून यंत्र सुधारण्याची ही दृष्टी होती. पुढच्या काळात त्या पाहणीतले ८६ टक्के लोकांच्या लक्षात राहिले आणि ही दृष्टी मागे पडली.

४

२ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक स्वयंचलित कार्यक्रम सुटला. तो एका यंत्रातून दुसऱ्यात स्वतःच्या नकला पाठवी. म्हणून त्याला 'वर्म', म्हणजे अळी, असे नाव पडले. त्या वेळी जाळ्यात सुमारे ६०,००० संगणक होते आणि त्यांतील दहा टक्के बाधित झाले, असा अंदाज प्रसिद्ध आहे. कर्ता होता कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस, वर उल्लेखिलेल्या रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा. वडील त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संगणक सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. अळीने प्रवेशासाठी टपाल पाठवणाऱ्या कार्यक्रमातील एक उघडी फट वापरली, दुसऱ्या एका कार्यक्रमातील चूक वापरली, यंत्रायंत्रांतील परस्परविश्वासाच्या याद्या वापरल्या आणि ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी घेऊन परवलीच्या शब्दांचे अंदाजही बांधले. लोक कसले शब्द निवडतात याविषयी वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी जे लिहिले होते त्याचा जणू प्रत्यय मुलाने आणून दिला.

१९९० मध्ये त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलरचा दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला. त्याच्या व्यक्तिगत कथेपेक्षा तिचा परिणाम महत्त्वाचा आहे. त्याच महिन्यात संगणकीय आणीबाणीला प्रतिसाद देणारे पहिले पथक कार्नेगी मेलन विद्यापीठात स्थापन झाले. विद्वानांचे गाव म्हणून वाढलेल्या जाळ्याला आता वेस आली, पहारा आला. थोडे आधी, १९८६ मध्ये, बर्कली येथील प्रयोगशाळेच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत सापडली आणि तिचा माग काढता काढता क्लिफर्ड स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ जर्मनीतील एका घुसखोरापर्यंत पोचले होते. हा घुसखोर कित्येक यंत्रांत निर्मात्यानेच बसवून दिलेल्या आणि कोणीही न बदललेल्या शब्दांनी शिरत असे. तेथेही उणीव होती ती व्यवस्थेच्या बाजूची.

५

१९९० नंतर संगणक प्रत्येक कचेरीत गेला आणि परवलीचा शब्द तंत्रज्ञांच्या हातून सामान्य नोकरदाराच्या गळ्यात पडला. सोबत नियमावली आली. शब्द किमान इतक्या अक्षरांचा हवा. त्यात मोठी लिपी, लहान लिपी, अंक आणि चिन्ह हवे. तो दर नव्वद दिवसांनी बदलावा. कोठेही लिहू नये. कोणाला सांगू नये. एकेक नियम स्वतंत्रपणे वाजवी वाटतो. पण दहा-बारा प्रणाली, प्रत्येकीचा निराळा शब्द आणि प्रत्येकाचा निराळा कालावधी हे सारे एका माणसाच्या स्मृतीत बसवणे अशक्यप्राय होते. मग कळफलकाखाली चिठ्ठ्या चिकटल्या. शब्दाच्या शेवटी १ होता तो २ झाला, नंतर ३ झाला. नियम पाळल्याचा देखावा हीच नोकरीतील एक रीत बनली.

डिसेंबर १९९९ मध्ये ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅसे यांनी लंडनमधील आपल्या अभ्यासावरून एक निबंध लिहिला. वापरणारा हा शत्रू नव्हे, असे त्याचे शीर्षकच सांगते. लोक बेफिकीर असतात म्हणून नियम मोडतात, हा सुरक्षा विभागांचा समज त्यांनी तपासून पाहिला. त्यांना आढळले ते असे : लोकांना धोका नेमका काय आहे हे कोणी सांगितलेलेच नसते, शब्दांची संख्या वाढली की स्मृती हार खाते, आणि काम गटाने चालत असेल तेथे ज्याचा त्याचा शब्द हा नियम कामाच्या रीतीलाच छेद देतो. सुरक्षा विभाग माहिती दडवतो कारण त्याचा लोकांवर विश्वास नाही, आणि लोक नियम टाळतात कारण त्यांना नियमांमागचे कारण कळत नाही, असे हे दुष्टचक्र होते.

नियमांची पकड मात्र सैल झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ च्या सुमारास तयार केलेल्या मार्गदर्शिकेने मिश्र अक्षरांना आणि नियमित बदलाला अधिकृत प्रतिष्ठा दिली, आणि जगभरच्या कचेऱ्यांनी तिचे अनुकरण केले. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी तेथील ७,७०० हून अधिक जुन्या खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुना शब्द हाती असेल तर ४१ टक्के नवे शब्द त्यांच्या कार्यक्रमाला काही सेकंदांत ओळखता आले. सक्तीच्या बदलातून सुरक्षा फारशी वाढत नव्हती, हे त्यावरून दिसले. अखेर २०१७ मध्ये त्याच मानक संस्थेने भूमिका बदलली. शब्द फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदल मागू नये, अक्षरांच्या मिश्रणाची सक्ती नको, लांबीला महत्त्व द्यावे, असे नव्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. निवृत्त झालेल्या बर यांनीही त्या वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. कोट्यवधी लोकांच्या रोजच्या वैतागाची अशी कबुली इतिहासात क्वचितच मिळते.

मधल्या काळातील एक घटना येथे सांगितली पाहिजे. डिसेंबर २००९ मध्ये 'रॉकयू' या अमेरिकी कंपनीकडील ३ कोटी २० लाख शब्द चोरीस गेले. बातम्यांचा सूर असा होता की, पाहा, लोक किती भोळे आहेत. सर्वांत लोकप्रिय शब्द '१२३४५६' हा निघाला. ते खरेच होते. परंतु ही यादी जगाला वाचता आली ती कंपनीने शब्द जसेच्या तसे साठवले होते म्हणून. मॉरिस आणि थॉम्पसन यांचा उपाय प्रसिद्ध होऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. शेर यांच्या कार्डानंतर सत्तेचाळीस वर्षांनी तीच उघडी फाईल पुन्हा समोर आली, आणि हसे झाले ते वापरणाऱ्यांचे.

६

दोष कोणाच्या पदरी टाकायचा, हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. त्यावर यंत्रणेचा दर्जाही अवलंबून असतो, हे केंब्रिजचे संशोधक रॉस अँडरसन यांनी दाखवून दिले. १९९३ च्या आपल्या निबंधात त्यांनी बँकांच्या पैसे देणाऱ्या यंत्रांवरील अपहार तपासले आणि त्यांतील बहुतेकांची मुळे गुप्तलिपी फुटण्यात नसून हलगर्जी आणि ढिसाळ व्यवस्थापन यांत आहेत, असे म्हटले. अमेरिकेत ग्राहकाने तक्रार केली तर तो खोटा आहे हे बँकेने सिद्ध करावे लागे, नाहीतर पैसे परत द्यावे लागत. ब्रिटनमध्ये बँका 'आमची प्रणाली चुकत नाही' असे सांगून ग्राहकालाच जबाबदार धरीत. तरीही ब्रिटिश बँकांचा सुरक्षेवरील खर्च अधिक होता आणि त्यांना अपहाराचा उपद्रवही अधिक झाला, असे अँडरसन यांनी पुढे नोंदवले. तक्रारदाराचे कोणी ऐकणार नाही हे माहीत असलेले कर्मचारी निष्काळजी बनतात, हे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण होते.

या वृत्तीचे सर्वांत दारुण उदाहरणही ब्रिटनमधलेच आहे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबाची संगणकप्रणाली लागू केली. तिच्यातील दोषांमुळे खेडोपाडीच्या छोट्या टपाल कार्यालयांच्या हिशेबात खोट्या तुटी दिसू लागल्या, आणि तेथील चालकांवर चोरीचे व खोटे हिशेब लिहिल्याचे खटले भरले गेले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांचे दिवाळे निघाले. चालकाच्या खात्यात फक्त चालकच शिरू शकतो, हा या खटल्यांमागचा समज होता. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने आपल्या निकालात मान्य केले की प्रणालीत दोष होते आणि ती चालवणाऱ्या फुजित्सू कंपनीचे कर्मचारी दुरून शाखांच्या हिशेबांत फेरफार करू शकत होते. त्यातच, संगणकाचा पुरावा देताना यंत्र नीट चालत होते हे दाखवण्याची १९८४ च्या कायद्यातील अट १९९९ च्या कायद्याने रद्द झाली होती. त्यामुळे यंत्र बरोबर आहे हे गृहीत धरले गेले आणि माणसाला आपले निर्दोषत्व सिद्ध करावे लागले. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून या शिक्षा रद्द केल्या. परवलीचा शब्द आता 'हे तूच केलेस' असे म्हणण्याचे साधन झाला होता.

७

आपल्याकडे या इतिहासाचा धागा पुण्यात लख्ख दिसतो. एप्रिल २००५ मध्ये तेथील एका कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांनी एका अमेरिकी बँकेच्या ग्राहकांचा बोलण्यातून विश्वास संपादन करून त्यांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले, असा आरोप होता. यंत्र फोडलेले नव्हते; फोनवरच्या गोड शब्दाने दार उघडले होते. या काळात कॉल सेंटरच्या कामाची शिस्त अधिक कडक झाली. दाराशी झडती, मोबाइल कपाटात, मेजावर कागद-पेन नाही अशा रीती रूढ झाल्या. जानेवारी २००६ मध्ये नॅसकॉम या उद्योगसंघटनेने कर्मचाऱ्यांची माहिती बोटांच्या ठशांसह नोंदवणारी 'नॅशनल स्किल्स रजिस्ट्री' सुरू केली. मूठभरांच्या अपराधाने हजारो तरुण नोकरदार संशयितांच्या रांगेत उभे राहिले.

दुसरी घटना ऑगस्ट २०१८ मधली. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांच्या अंतराने झालेल्या हल्ल्यांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले आणि आणखी रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली. हल्ला झाला तो व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेवर. कोणाही खातेदाराने आपला शब्द कोणाला सांगितला नव्हता.

कायद्याने या बाबतीत दोन्ही बाजूंना पावले टाकली आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये लागू झाला. २००८ च्या दुरुस्तीने दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा ६६क खाली गुन्हा ठरवला, आणि त्याच दुरुस्तीतील ४३अ या कलमाने माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या संस्थेवर भरपाईची जबाबदारी टाकली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. बँकेच्या चुकीने पैसे गेले तर ग्राहकावर काहीही बोजा नाही, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर, असे त्यात स्पष्ट केले. मात्र २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ४३अ वगळण्याची तरतूद आहे. त्यात संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे खरा, पण तो जमा होणार भारताच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती गेली त्याच्या हाती या कायद्याने काय येते, हा प्रश्न उरतो.

रोजच्या व्यवहारात आपण छावणीचा जुना, सामायिक शब्द मात्र टाकलेला नाही. साहेबांचा शब्द त्यांच्या लेखनिकाला ठाऊक असतो. संकेतस्थळावर गुण भरण्यासाठी विभागप्रमुखांचा शब्द कनिष्ठ प्राध्यापकाकडे असतो, आणि अखेरच्या दिवशी तो फोनवरून सांगितलाही जातो. याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येत नाही. काम सर्वांनी मिळून उरकायचे आणि नाव एकाचे, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी रीत आहे. संकट येते तेव्हा मात्र कागदोपत्री एकच माणूस उरतो. पुष्कळदा वरिष्ठ म्हणतो, 'मला यातले काही कळत नाही', आणि ज्याने आज्ञेवरून शब्द टंकला तो कनिष्ठ अडकतो. अशा वेळी शब्द सांगण्यास नकार देणे हा उद्धटपणा समजला जातो आणि सांगणे हा नियमभंग ठरतो. या कोंडीवर आपल्या नियमावल्या मौन पाळतात.

८

आता परवलीचा शब्दच अस्तास जाईल अशी चिन्हे आहेत. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी 'पासकी' ही पद्धत पुढे आणली आहे. तीत शब्दाची जागा आपल्या फोनमध्ये दडलेली गणिती किल्ली घेते, आणि ती किल्ली बहुधा बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडते. आधारच्या निमित्ताने बोट आणि डोळा यांनी ओळख पटवणे आपल्याला नवे राहिलेले नाही. शब्दाकडून आपण पुन्हा 'शिब्बोलेथ'च्या उताऱ्यावर येत आहोत. शब्द फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. आणि कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने नाकारला तर जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात मिळत नाही.

भाषेच्या अभ्यासकांनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. 'पेपर फुटला' या धर्तीवर आपण 'माहिती फुटली', 'पासवर्ड फुटला' असे म्हणतो. फुटणे हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात फोडणारा दिसत नाही आणि ज्याच्या हातून फुटले तोही दिसत नाही. माठ फुटावा तशी माहिती आपोआप फुटते. सामान्य माणसाविषयी बोलताना मात्र 'त्याने ओटीपी सांगितला', 'तिने लिंक दाबली' असे म्हटले जाते. तेथे कर्ता ठळकपणे हजर असतो. संस्थेच्या चुकीला कर्ता नाही आणि व्यक्तीच्या चुकीला कर्ता आहे, ही वाक्यरचना आपण वृत्तपत्रांतून, परिपत्रकांतून रोज वाचतो आणि नकळत स्वीकारतो.

रोमन छावणीत एखादी पाटी परतली नाही तर ती कोणाच्या हाती होती, याचा शोध त्याच रात्री घेतला जाई. 'माहिती फुटली' असे वाक्य वाचले की 'ती कोणी सांभाळायची होती?' असे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर भाषेच्या वर्गाने या प्रश्नात आपला वाटा उचलला असे म्हणता येईल.